जुनी बाईक घरी रंगवताय? मग घाई बाहेर ठेवून या

जुनी बाईक घरीच रंगवायला काढलीये असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, कुठला रंग मारणार? आणि त्याच्यामागोमाग, स्प्रे गन आहे का तुझ्याकडे? प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते फार शेवटचे प्रश्न आहेत. रंग मारणं हे ह्या सगळ्यातलं सगळ्यात छोटं काम. खरं काम म्हणजे घासणं, पुसणं आणि मग काहीही न करता गप्प बसणं, आणि हे तिसरं सगळ्यात अवघड. पेंटरकडे बूथ असतो, म्हणजे रंग मारायची बंदिस्त खोली, चांगली गन असते, बसलेला हात असतो, आपल्याकडे ह्यातलं काही नाही. आपल्याकडे त्याच्यापेक्षा जास्त असं फक्त एकच, वेळ. त्याला उद्या दुसरी गाडी आत घ्यायची असते, आपल्याला नसते. हा फायदा वापरायचा नसेल तर सरळ बाहेर द्यावी गाडी, उगाच घरात थिनरचा वास कशाला.

माझ्याकडची गाडी जुनी जावा, अडीचशे सीसी, टू स्ट्रोक. गोल फुगीर टाकी, बाजूला अंड्याच्या आकाराचे टूलबॉक्स, हेडलाइटच्या डोक्यावरच स्पीडोमीटर. अशा गाडीला कस्टम रंग म्हटलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कंपनीतून आली तशीच ठेवा, दुसरी म्हणते तुझी गाडी तुझा रंग. माझं मत मधलं आहे. मूळ कारखान्याचा रंग अजून बऱ्यापैकी जिवंत असेल, भले फिका पडला असेल, दोन-चार ठिकाणी पत्रा दिसत असेल, तरी त्याला हात लावू नये, कारण तो एकदा खरवडला की कितीही पैसे टाकून परत येत नाही. पण माझ्या गाडीवर आधीच्या मालकांनी एकावर एक थर चढवून ठेवले होते, वरचा काळा, खाली कसलासा निळा, त्याच्याखाली अजून काहीतरी, त्यामुळे मूळ वगैरे वाचवायचा प्रश्नच उरला नव्हता. मूळ शेड बघायची हौस असेल तर सीटच्या खाली, टाकी फ्रेमवर बसते त्या जागी, किंवा टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतून बघा, तिथे ऊन पोचत नाही आणि पेंटरही तिथपर्यंत जायचा कंटाळा करतात. मला तिथे नखाएवढा मरून सापडला, बाहेर कुठेच नसलेला, अगदी गडद. त्याचा फोटो काढून ठेवला आणि मग मला हवा तोच रंग करायचं ठरवलं, गडद हिरवा मेटॅलिक, टाकीवर सोनेरी लाइनिंग. (ज्यांच्याकडे गाडीच्या कागदांवर रंग लिहिलेला असतो त्यांनी आधी तिकडचा नियम बघून घ्या, नंतर धावपळ नको.)

सुरुवात टाकीपासून, आणि तीसुद्धा आतून. लोक बाहेरून रंगवतात आणि मग आतला गंज काढायला अ‍ॅसिड ओततात, आणि ते झाकणाच्या कडेवरून खाली नव्या रंगावर. आतलं सगळं आधी. आणि पेट्रोल ओतून काढलं म्हणजे टाकी सेफ झाली असं अजिबात समजू नका, उलट भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त डेंजर, कारण आत वाफ राहते आणि हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ठिणगीला तेवढं पुरतं. म्हणून आधी डिटर्जंट आणि पाण्याने भरपूर वेळा धुवायची, आणि त्यानंतरही टाकीला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत घरी लावायची नाही म्हणजे नाही. डेंट बाहेर काढायला कुणी टाकी गरम करा सांगितलं तर हसून सोडून द्या.

टू स्ट्रोकवाल्यांना इथे एक जादा त्रास असतो. पेट्रोलमधेच ऑइल मिसळलेलं, त्यामुळे टाकीच्या आत तेलाचा थर, झाकणाभोवती तेल, खालच्या शिवणीत तेल, आणि ते इतकं मुरलेलं असतं की पुसलं की गेलंसं वाटतं आणि थोडं ऊन लागलं की परत शिवणीतून पाझरतं. मी धुऊन झाल्यावर टाकी उन्हात ठेवायचो, पाझरलेलं पुसायचो, परत धुवायचो, कडेला टिश्यू दाबून बघायचो, टिश्यूवर पिवळट डाग येणं थांबेपर्यंत हाच कार्यक्रम. मग गंजासाठी सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी भरून ठेवलं, झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि लगेच सुकवलं. ह्या लगेचला महत्त्व आहे, कारण अ‍ॅसिडमधून निघालेला उघडा पत्रा बघता बघता परत तांबूस होतो.

आता जुना रंग काढणं. जुन्या गाड्यांच्या रंगात, खास करून लाल पिवळ्या नारिंगी शेडमधे, लेड क्रोमेट असू शकतं, म्हणजे शिसं. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवायची नाही, वॉटर पेपर घेऊन ओलं घासायचं, मास्क लावायचा आणि तो चिखल पोरंबाळं फिरतात तिथे सांडू द्यायचा नाही. केमिकल रिमूव्हरने काम पटकन होतं हे खरंय, पण जुन्या पद्धतीचे जे कडक रिमूव्हर होते त्यात मिथिलीन क्लोराइड असायचं, बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं मेलेली आहेत आणि अमेरिकेत तर २०१९ मधे घरगुती वापरासाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. डब्यावर ते नाव दिसलं तर परत ठेवा. टाकी, दोन मडगार्ड, टूलबॉक्स, हेडलाइटचं भांडं, एवढंच तर असतं बाईकला, कारसारखा पसारा नाही, हाताने होतं.

सगळ्या ठिकाणी पत्र्यापर्यंत जायलाच पाहिजे असंही नाही. जिथे जुना थर घट्ट आहे तिथे फक्त कडा मारायच्या, म्हणजे रंग आणि पत्रा ह्यांच्यातली पायरी १८० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने इतकी उतरती करायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठे रंग संपला ते कळू नये. डोळे मिटून हे मी मजेत म्हणत नाहीये. डोळा फसतो, बोट फसत नाही. आणि पातळ कापडावरून फिरवलेला तळवा बोटापेक्षाही जास्त सांगतो.

पत्रा उघडा पडला तिथे मी इपॉक्सी प्रायमर मारला. एचिंग प्रायमर पण मिळतो, तो अ‍ॅसिडने पत्र्याला धरतो, चांगला असतो, पण त्याच्यावर पुट्टी भरायची नसते, अ‍ॅसिडमुळे पॉलिस्टर पुट्टी नीट धरत नाही आणि नंतर पापुद्र्यासारखी सुटते. इपॉक्सी वाळल्यावर थोडा घासून त्याच्यावर पुट्टी चालते. टाकीला डेंट कुठे असतात सांगू? हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला लागतं तिथे, दोन्ही बाजूंना, जवळपास प्रत्येक जुन्या गाडीला. पुट्टीत हार्डनर जास्त घातला की पटकन कडक होते म्हणून लोक खूश होतात, आणि नंतर तो जास्तीचा हार्डनर वरच्या रंगातून डाग बनून वर येतो. प्रमाणात घाला आणि थांबा.

पुट्टी घासण्यात गाइड कोट ही एक गोष्ट शिकलात तर बाकी निम्मं काम झालं. घासलेल्या भागावर लांबून काळ्या स्प्रेचा अगदी हलका धुरळा मारायचा, रंगवायचं नाही, फक्त ठिपके ठिपके. मग लाकडाच्या चपट्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासायचं. उंच भागावरचे ठिपके आधी जातात, खोल भागातले राहतात. हँडलच्या डेंटवर मला वाटलं होतं की झालं, एकदम सपाट, आणि गाइड कोट मारून चार हात फिरवले तर मधे एक काळं बेट तसंच, कडेला अजून दोन छोटी. परत पुट्टी, परत घासणं, बेट लहान, परत. ह्याच्यात वैताग येतो पण हा वैताग फुकटचा आहे असं समजू नका, कारण वर चकचकीत क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, आला की तेच बेट आरशातल्या वाकड्या चेहऱ्यासारखं दिसणार. टाकी गोल असल्यामुळे शेवटी शेवटी ठोकळा सोडून मऊ फोम घ्यावा लागतो, आणि नुसत्या बोटांनी घासायचं नाही, बोटांच्या चार नाल्या पडतात.

इथे थांबण्याचा खरा विषय येतो. प्रायमर सरफेसर, म्हणजे बारीक खाचा भरणारा जाड प्रायमर, मारला, दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला, घासला, रंग मारला, झकास दिसतंय. महिन्याभराने उन्हात बघताय तर पुट्टीच्या कडा दिसायला लागल्या, पेपरच्या रेघा वर आल्या. तुम्ही घासायला कमी पडलात असं नाही, आतलं थिनर अजून निघत होतं. वरून सुकलेला थर आतून ओला असतो, थिनर हळूहळू उडतं तसा थर आकसतो आणि खालच्या खाचांमधे बसतो. सरफेसर जितका जाड तितकं हे जास्त. घरी काम करणारा माणूस टाकी कोपऱ्यात उन्हाजवळ ठेवून आठवडाभर विसरू शकतो, आणि मगच शेवटचं घासू शकतो. मेटॅलिकच्या आधी मी ६०० नंबरने ओलं घासतो, त्याहून जाड पेपर नको, मेटॅलिकच्या चंदेरी कणांखाली रेघा उठून दिसतात.

गंमत म्हणजे ह्या थांबण्याला कंटाळूनच अख्खी इंडस्ट्री बदलली. सुरुवातीच्या काळात गाड्यांना तेलाचे रंग आणि व्हार्निश हाताने लावायचे आणि एकेक थर सुकायला इतका वेळ की गाडी रंगातच आठवडे पडून राहायची. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची त्यामागे तो भट्टीत भाजायचा काळा रंग स्वस्त, टिकाऊ आणि कारखान्याच्या वेगात बसणारा होता हे एक मोठं कारण. मग ड्यूपाँटने १९२३ मधे ड्यूको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं, जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगवल्या, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. बाइकमधे बघा, ट्रायम्फची स्पीड ट्विन १९३७ मधे आली ती गडद लाल अमॅरँथ रेडमधे, इंजिन तर भारी होतंच पण तो रंग आजही लोक विसरत नाहीत.

फ्रेमबद्दल थोडक्यात. फ्रेम घरी रंगवायचा हट्ट मी करत नाही, पावडर कोटिंगला देतो. ती पावडर साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात, घरी होणारं काम नाही, आणि घरातला ओव्हन तर वापरूच नका. देण्याआधी फक्त दोन गोष्टी, आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला सांगा, आणि फ्रेम नंबरवर जाड थर बसू देऊ नका, नंबर वाचता आला पाहिजे.

आता घरातला बूथ. प्लॅस्टिकचे पडदे, ओली जमीन, आधी तासभर धूळ बसू द्यायची आणि मग आत जायचं, जुने लोकरीचे कपडे घालायचे नाहीत, एवढ्यानेही बऱ्यापैकी भागतं. एखादा किडा बसणारच, बसू द्या, क्लिअर वाळल्यावर घासून निघतो, ओल्यात चिमट्याने काढायला जाल तर खड्डा पडेल. जास्त काळजी आगीची, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साचते आणि गीझर किंवा शेगडीपर्यंत सरपटत जाते. त्यामुळे घरात पायलट, म्हणजे सतत जळणारी छोटी ज्योत, असलेलं काहीही बंद, साध्या घरगुती पंख्याला एक्झॉस्ट म्हणून वापरणंही नको, त्याच्या स्विचला किंवा मोटरला ठिणगी पडू शकते.

दमट दिवशी रंग मारायचा मोह टाळा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतं, इतका की हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं आणि रंग दुधासारखा पांढुरका पडतो, लॅकरमधे तर फारच. कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेतही पाणी असतं, लाइनमधे वॉटर ट्रॅप नसेल तर गन मधेच थुंकते आणि टाकीवर थेंब.

आणि सिलिकॉन! चेन स्प्रे, टायर चमकवायचं लिक्विड, डॅशबोर्ड पॉलिश, ह्यातलं काहीही रंगाच्या खोलीत उघडायचं नाही, आधीच्या आठवड्यातसुद्धा. त्याचा अंश पत्र्यावर असला की रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, वरून कितीही कोट मारा, बुजत नाहीत. डीग्रीझर दोन कापडांनी लावायचा, एकाने ओलं करायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच कापडाने पुसलं तर तेल जागेवरून हलतं फक्त, जात नाही.

ह्यापुढचा भाग कंटाळा न करता वाचा. साधा वन-के क्लिअर, म्हणजे हार्डनर नसलेला, स्प्रे कॅनमधला, दिसायला छान असतो पण पेट्रोल सांडलं की चिकट होतो आणि सुरकुततो. बाईकच्या टाकीवर पेट्रोल सांडणारच. म्हणून टू-के क्लिअर लागतो, हार्डनरवाला, आणि त्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं. हे प्रकरण साध्या थिनरसारखं नाही. ते फुप्फुसाला चिडवतं, दमा लावू शकतं, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे आयुष्यभर अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. वासावरून कळतं म्हणाल तर तेही नाही, वास येईपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते, त्यामुळे कोळशाचा मास्क कधी संपला हे नाकाला समजत नाही. ह्याच कारणाने व्यावसायिक बूथमधे बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क वापरतात. कातडीतूनही ते जातं, म्हणून हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, डोळे बंदिस्त. तळाशी पिन दाबून हार्डनर सोडायचे जे टू-के कॅन मिळतात त्यांनाही हेच सगळं लागू, कॅन छोटा म्हणून विष छोटं होत नाही. बाहेरून हवा देणारा मास्क जमत नसेल तर बेस कोटपर्यंत, म्हणजे क्लिअरच्या खालच्या रंगाच्या थरापर्यंत, सगळं घरी करा आणि क्लिअर तेवढा बूथवाल्याकडून मारून घ्या. मी तेच केलं आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, घासण्याचं श्रेय माझंच आहे. फक्त बेस कोटवर क्लिअर किती तासांत यायला हवा ते डब्यावर असतं, तेवढं आधी जमवून ठेवा, नाहीतर परत घासून परत बेस.

बेसबद्दल. बेस आणि क्लिअरला १.३ किंवा १.४ चा नोझल, सरफेसरला १.६ च्या वर. अंतर वितीपेक्षा थोडं कमी, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटर, आणि हात खांद्यातून हलवायचा, मनगटातून फिरवला की मधे जाड आणि कडेला पातळ. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी. ट्रिगर टाकीच्या बाहेर दाबायचा, टाकीच्या बाहेर सोडायचा. दोन कोटांच्या मधे पहिल्याची चमक पूर्ण मावळू द्यायची, इथेही थांबणं आलंच.

मेटॅलिकचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवा. ओला जाड कोट मारला की कण आत बुडतात, वाकडेतिकडे उभे राहतात आणि शेड गडद दिसते, कोरडा हलका मारला की कण वर सपाट पडतात आणि शेड उजळ. म्हणजे एकाच डब्यातून टाकी आज आणि टूलबॉक्स पुढच्या रविवारी मारलात तर दोन वेगळ्या हिरव्या गाड्या तयार. सगळे पार्ट एकाच वेळी टांगायचे, आणि गाडीवर ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने. मडगार्ड जमिनीवर आडवा टाकून मारला आणि टाकी उभी धरून मारली तर जुळणार नाही. कॅन्डी रंग तर ह्याच्याही पुढे, खाली चंदेरी थर, वर पारदर्शक रंग, प्रत्येक कोटाला एक पायरी गडद, त्यामुळे सगळ्या पार्टना कोट मोजून सारखे, आणि पुढे ओरखडा आला तर टचअप विसराच. पहिल्यांदा रंगवणाऱ्याने कॅन्डीच्या नादी लागू नये, प्लेन रंग घ्यावा. प्लेन काळासुद्धा नको, काळा सगळं दाखवतो.

क्लिअर झाल्यावर ओघळ दिसला तर लगेच हात नाही. पूर्ण कडक होऊ द्यायचा, मग ब्लेडने हळूच तासायचा, १५०० ने, २००० ने, जमलं तर ३००० ने ओला घासायचा आणि पॉलिशिंग कंपाउंड लावायचं. कडांवर मास्किंग टेप लावून ठेवा, टाकीच्या कडांवर थर आपोआप पातळ असतो आणि पॉलिशरने दोन सेकंदांत खालचा प्रायमर दिसतो.

लाइनिंग मी क्लिअरच्या वर करतोय. खाली केली तर सुरक्षित राहते, पण वरची रेघ बोटाला लागते आणि जुन्या गाडीवर ती बोटाला लागावी असं मला वाटतं. खारीच्या केसांचा लांब तिरका ब्रश, त्यात इनॅमल, आणि टाकीच्या वळणावरून एका दमात. टेप लावून करता येते, कोणी नावं ठेवणार नाही, पण टेपची रेघ सगळीकडे सारखी जाड आणि हाताची रेघ वळणावर किंचित बारीक होते. क्लिअर कडक असेल तर फसलेली रेघ ओली असतानाच कापडाने पुसून परत घेता येते, आणि मी कितीतरी वेळा पुसतोय. डावी बाजू जमली, उजवीकडे ब्रश उलटा ओढावा लागतो आणि तिथे हात अडतो.

जोडणी मात्र चालू केलीये. टाकीच्या खालचे रबर नवे, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने फ्रेमवर रंग घासून जाईल. वॅक्स अजून लावलेलं नाही, डब्यावर जेवढे आठवडे लिहिलेत तेवढे जाऊ द्यायचेत, आतलं उडायचं ते उडू दे. गाडीवर कव्हर पण टाकत नाही त्याच कारणाने. टाकीच्या बाजूचे गुडघ्याचे रबर सगळ्यात शेवटी, कच्च्या रंगावर ते दाबून बसवले की रबरातलं तेल रंगात उतरून कायमचा डाग राहतो. तोवर बिनरबराची गाडी जरा बोडकी दिसते, जवळचे लोक विचारतात हे असंच राहणार का रे, मी म्हणतो नाही, थांबा थोडं.